सबब चालणार नाही

ज्या सूचनापत्रकामुळे माझी रजा अडली, त्याचा मसुदा मीच तयार केलेला होता, हे सुरुवातीलाच कबूल केलेले बरे. गेली १९ वर्षे मी एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. आमच्या पालकसभांना हजेरी तुरळक असते, आणि जे पालक आवर्जून येतात त्यांच्या मुलांविषयी सांगण्यासारखे काही नसते. ज्यांच्या मुलांविषयी पुष्कळ सांगायचे असते, ते पालक नेमके त्याच दिवशी कामात असतात. म्हणून यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून ‘जरा कडक लिहा’ असे सांगितले आणि मी जागच्या जागी एक वाक्य रचले: ‘माता व पिता दोघांनीही सभेस स्वतः उपस्थित राहणे अनिवार्य असून नोकरी-व्यवसायाची कोणतीही सबब चालणार नाही.’ बाईंना ते इतके पसंत पडले की त्यांनी त्याखाली लाल शाईने रेघ ओढली. लिपिकाच्या आयुष्यात याहून मोठे वाङ्मयीन यश नसते.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीने तिच्या शाळेची सूचना माझ्यासमोर धरली. ती दुसऱ्या शाळेत सहावीत शिकते. (बाप ज्या शाळेत नोकरीला आहे, त्याच शाळेत मुलांना घालू नये असे माझे मत आहे, तिचे याबाबतचे मत माझ्याहून कडक आहे.) सूचनेतली तारीख आमच्याच पालकसभेची होती. वेळही तीच, सकाळी साडेदहाची. शेवटचे वाक्य मात्र मी चष्मा पुसून दोनदा वाचले, कारण ‘माता व पिता’पासून ‘चालणार नाही’पर्यंत ते अक्षरशः माझे होते. एका शाळेचा मसुदा दुसऱ्या शाळेत जातो यात नवल काही नाही. आमच्या पेशात मसुद्याला मालक नसतो, आणि खरे सांगायचे तर ते एक वाक्य वगळता आमची उरलेली सूचना मीही दुसरीकडूनच उतरवून घेतली होती. तरीही आपण लिहिलेली नोटीस आपल्यावरच बजावली जावी, आणि तीही आपल्या मुलीच्या हस्ते, हा योग वेगळाच.

‘बाबा, तू येशील ना?’ तिने विचारले. ‘मागच्या दोन्ही वेळेला एकटी आई आली होती. बाईंनी मला विचारलं, तुझे वडील परगावी असतात का?’

मी ‘बघू’ म्हणालो. हा शब्द मी कार्यालयात दिवसातून पन्नास वेळा वापरतो. त्याचा अर्थ मुलीला ठाऊक आहे.

शाळेत नोकरी करणाऱ्याला रजेची गरजच पडत नाही, असा बाहेरच्या जगाचा एक पक्का समज आहे. शिक्षकांच्या बाबतीत तो निम्मा खरा आहे. त्यांना दीर्घ सुट्ट्या मिळतात. परंतु त्या कधी घ्यायच्या हे त्यांच्या हातात नसते, आणि ज्या दिवसांत सगळी दुनिया फिरायला निघालेली असते, गाड्या भरलेल्या असतात, त्याच दिवसांत त्यांना मोकळीक मिळते. लिपिकाच्या नशिबी तेवढेही नाही. वर्ग बंद झाले की कार्यालयाचे काम भरात येते. दाखले, प्रवेश, निकालपत्रे, मोडक्या बाकांची मोजदाद आणि न मोडलेल्या बाकांचा शोध ही सारी कामे सुट्टीची असतात. सत्र चालू असताना रजा मागितली, तर ‘सुट्टीत घ्या ना’ असे उत्तर मिळते. आणि सुट्टीत मागितली, तर ‘आता वर्ग नाहीत, तुम्ही निवांतच आहात, मग रजा कशाला?’ असा प्रश्न येतो. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत माझी १९ वर्षे गेली आहेत.

रजेच्या कारणांचा मात्र माझा अभ्यास दांडगा आहे, कारण साऱ्या कर्मचाऱ्यांचे अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे जातात. अर्जातला ताप हा बहुधा रविवारला लागून येतो. सोमवारी ताप आलेल्यांविषयी मी निश्चिंत असतो. परंतु कोणी बुधवारच्या तापाचा अर्ज पाठवला, तर मी तातडीने फोन करून विचारपूस करतो, कारण तो ताप खरा असतो. दातदुखीला आमच्याकडे फार मान आहे. रूट कॅनाल एका बैठकीत पुरे होतेच असे नाही, त्यामुळे एक दात नीट पुरवून वापरला तर सबंध सत्र निघते. कंबरदुखी कोणालाच दिसत नाही, हा तिचा मोठा गुण. आणि या साऱ्यांवर कडी करणारे कारण म्हणजे ‘अपरिहार्य घरगुती अडचण’. ते वाचून वरिष्ठ आवाज खाली आणून ‘काही गंभीर?’ असे विचारतात, अर्जदार जमिनीकडे पाहतो, आणि रजा मंजूर होते. १९ वर्षांत खरे कारण लिहिलेला अर्ज माझ्याकडे एकदाच आला. चित्रकलेच्या एका शिक्षकांनी लिहिले होते, ‘विशेष काही नाही, उद्या घरी बसावेसे वाटते.’ त्यांना लेखी समज देण्यात आली. तो अर्ज मी फाइलमध्ये लावला नाही. माझ्या खणात स्वतंत्र पाकिटात जपून ठेवला आहे.

गंमत अशी की रजेचा अर्ज लिहिणे हे आम्ही मुलांना वर्गात शिकवतो. भाषेच्या पेपरात तो नीट लिहिला की गुण मिळतात. मोठेपणी तोच अर्ज लिहिला की गोपनीय अहवालातले गुण कमी होतात.

मी तीन मसुदे केले. पहिल्यात ‘अपरिहार्य घरगुती अडचण’ असे लिहिले. पण जी गोष्ट मी इतकी वर्षे टाळत आलो तिला अपरिहार्य कसे म्हणावे, या विचाराने तो फाडला. दुसऱ्यात दात आणला, आणि दुसऱ्या दिवशी गाल सुजवून यावे लागेल या भीतीने तोही फाडला. अखेर ‘विषय: एक दिवसाची किरकोळ रजा मिळणेबाबत’ असे शीर्षक देऊन खरे तेच लिहिले: पाल्याच्या शाळेत पालकसभा असून तेथे माता व पिता दोघांनीही स्वतः उपस्थित राहणे अनिवार्य आहे व नोकरी-व्यवसायाची कोणतीही सबब चालणार नाही, करिता विनंती. खाली ‘सोबत: सूचनेची प्रत’ अशी नोंद केली.

यापुढचा प्रवास थोडा चमत्कारिक होता. कार्यालयात येणारा प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढवण्याचे काम माझे आहे. म्हणून माझा अर्ज मीच माझ्याकडून स्वीकारला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि गोल शिक्का मारला. त्यानंतर प्रत्येक अर्जावर लिपिकाने टिपणी लिहायची असते. मी लिहिले, ‘अर्जदाराच्या खाती किरकोळ रजा शिल्लक आहे.’ इथे थांबलो असतो तर चालले असते. परंतु ‘अनुपस्थितीत काम कोण पाहणार’ हा रकाना रिकामा ठेवणे मला इतक्या वर्षांत जमलेले नाही. दुसऱ्या कोणाचा अर्ज असता तर जे लिहिले असते तेच मी लिहिले: ‘सदर दिवशी पालकसभा असल्याने अर्जदाराची उपस्थिती आवश्यक वाटते. बदली व्यवस्था नाही. निर्णयार्थ सादर.’ स्वतःविरुद्ध एवढी नेमकी हरकत घेतल्यावर मला किंचित अभिमानच वाटला.

बाईंनी अर्ज वाचला. लाल रेघेच्या वाक्यापाशी त्यांची भुवई वर गेली. मी टेबलाच्या अलीकडे, हातभर अंतरावर उभा होतो. त्यांनी पेन उचलले, समासात ‘चर्चा करावी’ असा शेरा लिहिला, अर्ज परत माझ्या हातात दिला आणि त्या तासावर निघून गेल्या.

त्या रात्री मी आयुष्यात प्रथमच रजेच्या बाजूने वाचन केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७० साली वार्षिक पगारी रजेसंबंधी १३२ क्रमांकाचा करार संमत केला. वर्षभराच्या नोकरीला किमान तीन आठवड्यांची रजा असावी असे त्यात म्हटले आहे, आणि तो खलाशी वगळून सर्व नोकरदारांसाठी आहे. मी खलाशी नाही, एवढी पात्रता माझ्याकडे नक्की होती. परंतु पुढे असेही लिहिले आहे की रजा केव्हा घ्यायची, हे अन्यथा ठरलेले नसेल तर, मालकाने कर्मचाऱ्याशी चर्चा करून ठरवावे. म्हणजे बाईंचा शेरा थेट आंतरराष्ट्रीय दर्जाचा निघाला. मग मी त्याच्याही मागे गेलो. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसमध्ये शिक्षकांच्या दर्जाविषयी १४६ परिच्छेदांची एक शिफारस स्वीकारली गेली. युनेस्को आणि श्रम संघटना या दोघींचे ते काम, आणि तिच्याच स्मरणार्थ १९९४ पासून ५ ऑक्टोबर हा जागतिक शिक्षक दिन पाळला जातो. पुरेशा वैयक्तिक कारणासाठी शिक्षकाला अधूनमधून पूर्ण पगारी रजा मिळावी, असे तीत स्पष्ट नमूद आहे. वाचून माझा ऊर भरून आला, आणि लगेच ओसरला; कारण त्या दस्तऐवजाप्रमाणे शिक्षक म्हणजे विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची जबाबदारी असलेली व्यक्ती. दाखल्यावरची जन्मतारीख चुकली तर जबाबदारी माझी असते, पण तिला शिक्षण म्हणता येणार नाही. शिवाय ‘पुरेसे’ कारण म्हणजे किती, हे ठरवायला पॅरिसहून कोणी येत नाही. ते आमच्या बाईच ठरवतात. आणि शेवटी ती शिफारसच. रजेसाठी शिफारस लागते हे मला ठाऊक होते, परंतु शिफारस मिळाली म्हणजे रजा मिळतेच असे नाही, हेही मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चर्चा झाली.

‘सत्र चालू असताना रजा, आणि तीही पालकसभेच्या दिवशी?’ बाई म्हणाल्या.

‘तिकडेही पालकसभाच आहे, बाई.’

‘मग मुलीची आई जाईल की. दोघांची काय गरज?’

मी काही न बोलता सोबत जोडलेल्या प्रतीवर बोट ठेवले.

‘दोघांनीही असं लिहा, हे मी सांगितलं नव्हतं.’

‘आपण कडक लिहा म्हणाला होतात.’

बाई काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘माझ्या मुलाच्या एकाही पालकसभेला मला जाता आलं नाही. दरवेळी इथली सभा.’ मला वाटले की आता रजा मिळाली. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘तरी तो काही बिघडला नाही!’ आणि चर्चा पुन्हा पहिल्या घरात आली. ज्याचे कुठेही काही बिघडलेले नाही अशा मुलाच्या दाखल्यापुढे माझा कोणता युक्तिवाद टिकणार होता?

अखेर घासाघीस होऊन शेरा पडला: ‘अर्धा दिवस मंजूर. सभेची नोंदणी सुरू करून देऊन जावे. हा पायंडा समजू नये.’ शेवटचे वाक्य त्यांनी स्वतः रचलेले होते, आणि मला ते माझ्या वाक्याहून सरस वाटले.

सभेच्या दिवशी मी दारापाशी नोंदवही मांडली, शिपाईमामांना सही कुठे घ्यायची आणि वेळ कुठे लिहायची हे तीनदा समजावले, आणि पिशवी उचलणार तोच एक गृहस्थ धापा टाकत आले. ‘साहेब, कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलोय. थोडं लवकर सोडायला सांगाल का?’ मी त्यांना फलकावरचे माझे वाक्य दाखवले आणि स्वतः फाटकाबाहेर पडलो. मागे वळून पाहण्याचे धैर्य झाले नाही.

मुलीच्या शाळेत पोहोचायला अकरा वाजून दहा मिनिटे झाली. दारापाशी तसेच टेबल, तशीच नोंदवही, तिला सुतळीने बांधलेले तसेच पेन, आणि पलीकडे चष्मा कपाळावर चढवून बसलेला माझ्याच वयाचा, माझ्याच जातकुळीचा एक इसम. मी सही केली. व्यवसायाच्या रकान्यात ‘लिपिक, शाळा’ असे लिहिले. त्याने ते उलट्या बाजूने वाचले आणि चष्मा नाकावर घेतला.

‘म्हणजे आज तुमच्याकडेही सभा असेल.’

‘आहे.’

‘आणि तरी रजा मिळाली?’

‘अर्धी.’

त्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि दबक्या आवाजात विचारले, ‘मसुदा आहे का हो? पुढच्या शनिवारी माझ्या मुलाची सभा आहे.’

अर्जाची स्थळप्रत माझ्या खिशात होतीच. मागे तीन पालक ताटकळत असताना आम्ही दोघांनी ती त्याच्या कच्च्या वहीत उतरवून घेतली. मी सांगत होतो आणि तो लिहीत होता. ‘माता व पिता दोघांनीही’ इथे तो थबकला, समाधानाने हसला आणि म्हणाला, ‘हे वाक्य मात्र माझं आहे बरं का.’ मी वाद घातला नाही.

वर्गात शिरलो तेव्हा मुलीच्या बाई समारोपाचे बोलत होत्या. पत्नी तिसऱ्या बाकावर माझ्यासाठी जागा धरून बसली होती, आणि तिच्या शेजारी मुलगी.

‘या,’ बाई म्हणाल्या. ‘फारच उशीर केलात?’

‘माफ करा, जरा कार्यालयात काम...’ मी सुरुवात केली. बाकावर सूचनेचा कागद पडलेला होता. मुलीने तो हळूच माझ्याकडे सरकवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.