विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेली गोळी

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले, त्या संध्याकाळी मी त्यांचा 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथासंग्रह पुन्हा वाचायला घेतला. त्यांच्या खगोलशास्त्रातील संशोधनाविषयी आणि त्यांनी पुण्यात उभ्या केलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधनसंस्थेविषयी अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते कथाकार नारळीकरांविषयी, कारण विज्ञान हा आपल्या घरात, आपल्या भाषेत बोलण्याचा विषय आहे, हे मला प्रथम त्यांच्या कथांमुळे कळले.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, 'नारायण विनायक जगताप' या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली होती. सव्विसाव्या वर्षीच पद्मभूषण मिळालेल्या या माणसाला आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू द्यायचे नव्हते, हे मला त्या कथेला मिळालेल्या पहिल्या बक्षिसापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

त्यांची पात्रे ठसठशीत नसतात, संवादांतून कधी कधी व्याख्यान डोकावते, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचताना तो आठवतही नाही. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि पोहोचतात ते अशा मुंबईत, जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. कारण त्या जगात पानिपतावर विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून गेलेली असते. मराठी माणसाच्या मनातली सर्वांत जुनी हळहळ हाताशी धरून पुंजयांत्रिकी, म्हणजे एकाच घटनेच्या अनेक शक्यतांना जागा देणारे सूक्ष्म कणांचे शास्त्र, समजावण्याचे सामर्थ्य दुसऱ्या कोणाच्या लेखणीत मी पाहिलेले नाही. परक्या भाषेतील कल्पनेला मराठी नावे देऊन अशी कथा लिहिता येत नाही. ती इथेच सुचावी लागते.

स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल. आणि ते खरोखरच उत्तरे पाठवत. शाळेत असताना मीही एक कार्ड लिहिले होते. विश्वासराव वाचले तो इतिहासही कुठेतरी अजून चालू आहे का, असे त्यात विचारले होते. एवढ्या मोठ्या माणसाला हे काय विचारायचे, या संकोचाने ते मी पेटीत टाकलेच नाही, याचे मला आज फार वाईट वाटते.