ज्या पाइपातून काहीच जात नाही

रिनोव्हेशन काढलं की घरातला प्रत्येक जण टाइल्सतज्ज्ञ होतो. राखाडी की फिकट राखाडी यावर आमच्याकडे रात्र रात्र चर्चा चालायच्या, आणि मी मध्येच "व्हेंट पाइपचं, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनला वरून हवा देणाऱ्या पाइपचं, काय करायचं" विचारलं की ताटावर बसून मूळव्याधीचा विषय काढल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायचे.

बायकोचा प्रश्न तसा रास्त होता. "पाणी खालीच जायचंय ना, मग पाइप वर कशाला?" आता काय सांगणार! बेसिनखाली तो वाकडा ट्रॅप असतो ना, त्यात दोनेक इंच पाणी कायम उभं असतं आणि गटाराचा वास घरात येऊ न देण्याची अख्खी जबाबदारी त्या दोन इंचांवर. (याचं पेटंट 1775 मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने घेतलंय, म्हणजे घड्याळं सोडून माणूस इकडे वळला, तर त्याच्या घरी काय वास येत असेल विचार करा.) कमोडचं पाणी धाडकन खाली सुटलं की मागून हवा ओढतं, हवा मिळाली नाही तर शेजारचा ट्रॅपच शोषून घेतं. मग आधी गुडगुड, नंतर सडक्या अंड्यांचा वास.

प्लंबर म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं काम करतोय, कोणी मागितला नाय." मी म्हटलं मग फ्लश केला की मोरी ढेकर का देते? "ते असतंच."

शेवटी त्याला नहाणी ट्रॅपपाशी उकिडवा बसवला, जाळी काढली, आत मोबाइलचा टॉर्च मारला आणि बायकोला आतून फ्लश दाबायला सांगितलं. आतलं पाणी आधी थरथरलं, मग घळ्ळ करून खाली गेलं आणि जे खाली गेलं ते पूर्ण वर आलंच नाही. प्लंबर थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "जाळी चांगली आहे हां."

तरी पाइप ठरला. तर तो नेमका डिझायनरबाईंच्या आरशाच्या कपाटातून जाणार! त्या म्हणाल्या खालूनच आडवा वळवा. अहो, बेसिनच्या काठाच्या निदान 6 इंच वर जाऊनच आडवा वळवायचा असतो, नाहीतर लाइन तुंबली की घाण त्यातच शिरणार. मग त्यांनी एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह सुचवला, म्हणजे हवा फक्त आत घेणारी टोपी, ही मात्र बरी आयडिया होती, पण पुढे म्हणतात भिंतीत बुजवून वरून टाइल लावू. हवा घ्यायची टोपी आणि तीच बुजवायची! शिवाय बिघडली तर काढणार कशी?

आरशाचं कपाट चार बोटं सरकलं, बाई आठवडाभर बोलल्या नाहीत, पाइप गच्चीवर गेला, डोक्यावर जाळीची टोपी बसली. आईला मी कौतुकाने दाखवायला नेलं. "यातून काय येतं?" काही नाही, फक्त हवा. "आणि एवढ्याचे पैसे दिलेस?"

दुसऱ्या दिवशी तिने त्याला कपड्यांची दोरी बांधली होती. म्हणे काहीतरी उपयोग नको का.