काच उतरते ती मोटरमुळे नव्हे

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पडला. 'सर्व कारमालकांसाठी अत्यंत महत्त्वाचे', वर तीन लाल दिवे आणि खाली जोडलेले हात. दोन दिवसांत तोच मेसेज ऑफिसच्या आणि सासुरवाडीच्या ग्रुपवरही आला, तेव्हा म्हटलं आता उत्तर द्यायलाच हवं. ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नसेल त्या भाग्यवानांसाठी सारांश: पॉवर विंडोची काच पुन्हा पुन्हा ट्रॅकवरून उतरते याचं कारण एकच, मोटर कमजोर होणं. मेकॅनिक अख्खं मशीन बदलायला लावून लुटतात. त्याऐवजी नुसती मोटर बदला. तोवर काच दोन्ही हातांनी धरून वर ओढा, रबरात खोबरेल तेल किंवा डब्ल्यूडी-फॉर्टी सोडा, काच खालून सुटली असेल तर एम-सीलने चिकटवा आणि शेवटी बटण दहा सेकंद दाबून सगळं रिसेट करा.

मी मेकॅनिक नाही. पण आमच्या बारा वर्षांच्या हॅचबॅकची ड्रायव्हरकडची काच दीड वर्षात चार वेळा उतरली, आणि त्यातल्या दोनदा दाराचा पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, मी स्वतः काढून आत डोकं घातलं आहे. त्या जोरावर लिहितो.

'मोटर कमजोर झाली की काच उतरते.'

हे मुळातच उलटं आहे. दाराच्या आत असतं काय ते आधी बघू. बारा व्होल्टची एक छोटी मोटर, तिला लागून वर्म गिअर, आणि त्यापुढे रेग्युलेटर, ज्याला गॅरेजात सगळे 'मशीन' म्हणतात. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत हे मशीन तारेचं असतं. मोटर एक ड्रम फिरवते, ड्रमवर पोलादी तार गुंडाळली जाते आणि ती तार उभ्या पट्टीवरचा एक प्लास्टिकचा गुटका वरखाली ओढते. काच त्या गुटक्यात बोल्टने किंवा क्लिपने धरलेली असते. जुन्या गाड्यांत तारेऐवजी कात्रीसारखे उघडमीट करणारे लोखंडी हात असायचे.

आता वर्म गिअरची गंमत अशी, की मोटर त्याला फिरवू शकते, पण तो उलटा मोटरला फिरवू शकत नाही. म्हणूनच बटण सोडलं की काच जिथल्या तिथे राहते, वरून दाबली तरी खाली जात नाही. मोटर थकली तर काच हळू चढेल, अर्ध्यात थांबेल, कुरकुरेल. वाकडी होणार नाही. काच वाकडी व्हायची तर तिला एका बाजूने कुणीतरी धरून ठेवावं लागतं.

धरून ठेवतो तो रनर. काचेच्या दोन्ही कडा ज्या रबरी खाचेतून सरकतात ती खाच, आतून मखमलीसारखं फेल्ट लावलेली. पुढची खाच मोकळी आणि मागची घट्ट झाली, की गुटका मधून ढकलतोय, मागची कड अडकलीय आणि पुढचा कोपरा तेवढा वर चाललाय अशी अवस्था होते. काच तिरकी होते, कड खाचेतून निसटते, आणि आपण म्हणतो 'उतरली'. अशा अडकलेल्या काचेला नवीकोरी दमदार मोटर लावली तर काय होईल? ती आणखी जोरात ओढेल. मग काच नाही हलली तर गुटका तुटेल, नाहीतर तार. मेसेजमधला उपाय हा मशीन लवकर संपवायचा रस्ता आहे.

मोटरची खरी परीक्षा कानाने होते. बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही, तर आधी फ्यूज, बटण आणि दाराच्या बिजागरीजवळची वायर बघा. दार हजारदा उघडून-मिटून तिथली वायर आतल्या आत तुटते. गर्रर्र आवाज येतोय पण काच ढिम्म, तर तार तुटलीय किंवा काच गुटक्यातून सुटलीय, म्हणजे मोटर ठणठणीत आहे. कडकड आवाज आला तर ड्रमवर तारेचा गुंता झालाय. तेव्हा बटण लगेच सोडा. इंजिन बंद असताना काच रडतखडत चढते आणि चालू केल्यावर बरी चढते, एवढ्यावरूनही मोटरला दोष देऊ नका. इंजिन चालू असताना व्होल्टेज चौदाच्या आसपास जातं, त्यामुळे सगळ्याच काचा जरा चपळ होतात.

माझ्या गाडीचा किस्सा इथेच सांगतो. चारपैकी तीन वेळा मी तेच केलं जे सगळे करतात: काच सरळ करून घेतली, पैसे दिले, घरी आलो. चौथ्यांदा आमच्या भागातल्या एका काचवाल्याकडे गेलो. त्याने पॅड काढला, काच मशीनवरून सोडवली आणि मला म्हणाला, "काका, आता हाताने वर करा." काच अर्ध्यापर्यंत आली आणि मागच्या बाजूला डुगडुगायला लागली. त्याने मोबाइलचा टॉर्च दाराच्या पोटात मारला. मागच्या खाचेची लोखंडी पट्टी खाली एका बोल्टने दाराला आवळलेली असते. तिथे बोल्ट नव्हता. नुसतं भोक, आणि भोकाभोवती आमच्या गाडीच्या रंगाचा ताजा थर. दीड वर्षापूर्वी पुण्यात कर्वे रोडला एका दुचाकीने दार चेपलं होतं, ते एका गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं. तिथे काच काढली, रंग मारला, काच बसवली आणि बोल्ट राहिला. त्याच्याआधी काच एकदाही उतरलेली नव्हती, हे मला तिथे उभं राहिल्यावर आठवलं. एक बोल्ट लागला. त्यानंतर आजतागायत काच जागची हललेली नाही.

'रबरात खोबरेल तेल किंवा डब्ल्यूडी-फॉर्टी सोडा.'

खोबरेल तेल सुचवणारा माणूस पुण्यात डिसेंबर काढलेला नसावा. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली गोठतं. थंडीत सकाळी आपण बाटली गरम पाण्यात उभी करतो की नाही? तेच तेल रनरमध्ये सोडल्यावर सकाळी सातला, पारा बारावर असताना, काच कशी सरकेल याचा विचार करा. आणि उन्हाळ्यात ते पातळ असताना काय करतं? रस्त्यावरची धूळ धरून ठेवतं. मेट्रोची खोदाई, उड्डाणपुलांची कामं, आणि नगर रोडला तर विचारूच नका. ती धूळ तेलात कालवली की फेल्टवर पॉलिश पेपरासारखा लेप बसतो. शिवाय दाराचं रबर सहसा ईपीडीएम जातीचं असतं. ऊन-पाऊस ते मजेत सोसतं, पण पेट्रोलियमच्या तेलाने, म्हणजे डब्ल्यूडी-फॉर्टीत असतं तसल्या, फुगतं. फुगलं की खाच अरुंद, खाच अरुंद की काच तिरकी.

डब्ल्यूडी-फॉर्टीबद्दल माझा राग नाही. घरात असतं, बिजागरीला वापरतो. पण ते १९५३ साली पाणी हटवायला म्हणून बनवलेलं द्रावण आहे, नावातला डब्ल्यूडी त्याचाच: वॉटर डिस्प्लेसमेंट. रनरमध्ये मारलं की पहिले चार दिवस काच लोण्यासारखी सरकते आणि मेसेज पाठवणाऱ्याला वाटतं आपण जिंकलो. पातळ भाग उडून गेला की मागे तेलकट थर उरतो, आणि वर सांगितलेली गोष्ट सुरू होते.

करायचं ते कंटाळवाणं आहे. काच पूर्ण खाली घ्या. शाळेतली स्टीलची पट्टी घ्या, तिला जुन्या बनियनचा ओला तुकडा गुंडाळा आणि दोन्ही खाचांतून वरून खालपर्यंत फिरवा. पहिल्या फेरीत कापड सिमेंटच्या रंगाचं निघतं. कापड स्वच्छ निघेपर्यंत फिरवत राहा. मला सहा फेऱ्या लागल्या. वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे मारा. तो रबराला फुगवत नाही आणि वाळल्यावर धूळही फारशी धरत नाही. रबर कडक होऊन चिरलं असेल किंवा फेल्ट झिजून काळं रबर उघडं पडलं असेल, तर मात्र स्प्रेने काही होत नाही, रनरच बदलावा लागतो. तो मशीनपेक्षा स्वस्त असतो, आणि तरीही लोक मशीन बदलतात आणि रनर जुनाच ठेवतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

'काच दोन्ही हातांनी वर ओढा.'

हे तात्पुरतं ठीक, पण जपून. दाराची काच टफन्ड, म्हणजे खास तापवून कडक केलेली, असते. सपाट बाजूला ती बरंच सोसते, पण कडेला पाना किंवा स्क्रूड्रायव्हर लागला तर अख्खी काच एका क्षणात खड्यांचा ढीग होते. त्यामुळे खालून पक्कड घालून उचकटू नका. तिरकी झालेली काच ज्या बाजूला खाली आहे तिथून तळव्याने हळू वर घ्या, दुसऱ्याला बटण दाबायला सांगू नका, आणि वर आली की दाराच्या चौकटीवरून आतबाहेर रुंद मास्किंग टेप लावून टाका. एवढ्यावर गाडी गॅरेजपर्यंत जाते. त्या दाराचं बटण कुणी दाबू नये म्हणून त्यावरही टेप मारा. आमच्याकडे लेकाने दाबलंच होतं.

'खालून एम-सीलने चिकटवा.'

नको. एम-सील टाकीच्या गळतीला उत्तम. पण दार आपटलं की काच थरथरते, आणि ही लांबी (पुटी) दगडासारखी कडक होते, त्यामुळे काही दिवसांत अख्खा गोळा काचेवरून सुटून येतो. बरं, सुटला नाही तरी आपण घरी अंदाजाने चिकटवताना काच दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे बसली, तर ती कायमची तिरकी. म्हणजे रनरने केलं नसतं ते आपणच करून ठेवायचं. ज्या गाड्यांत काच खाली लोखंडी चापात बसते, त्यांच्या चापात रबराचं पॅकिंग असतं. ते नवीन टाकतात, किंवा विंडशील्डला वापरतात तो पीयू (पॉलियुरेथेन) गोंद लावतात.

'बटण दहा सेकंद दाबून रिसेट करा.'

यात अर्धं सत्य आहे. ज्या गाड्यांत काच एका स्पर्शात आपोआप वर जाते, त्यांत मध्ये हात आला तर काच उलटी खाली यावी अशी सोय असते. बॅटरी काढून लावली की अशी काच आपली वरची हद्द विसरू शकते, आणि ती पुन्हा शिकवायला काच वर नेऊन बटण काही सेकंद धरायचं असतं. नेमकं कसं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पण उतरलेली काच बटणाने ट्रॅकवर चढत नाही. उलट गंमत बघा: रनर घट्ट झाला की गाडीला वाटतं मध्ये हात आलाय, आणि काच वरपर्यंत जाऊन परत खाली येते. लोक म्हणतात सेन्सर गेला. सेन्सर बिचारा आपलं काम करत असतो. आणि रिसेट पूर्ण होईपर्यंत बऱ्याच गाड्यांत ही हात वाचवायची सोय बंद असते, त्यामुळे मागच्या सीटवर मुलं असताना हे प्रयोग करू नका.

'मेकॅनिक लुटतात.'

काही लुटतात. नुसता गुटका तुटलेला असताना मोटरसकट मशीन गळ्यात मारलेलं मी पाहिलं आहे. काही मॉडेलांचे गुटके आणि क्लिपा नाना पेठेत सुट्या मिळतात. जाताना तुटलेला तुकडा आणि गाडीचं साल घेऊन जा, आणि डावं की उजवं ते लिहून ठेवा, कारण दुकानात उभं राहिल्यावर हमखास गोंधळ होतो. पण तारेचा एक जरी पदर उसवून बाहेर आला असेल तर सुट्या तुकड्याचा हट्ट धरू नका. तार पुलीत अडकतेच, तिथे मशीनच घालावं लागतं.

मेकॅनिकला एवढंच सांगा: मशीन लावायच्या आधी काच मोकळी ठेवून हाताने वरखाली करून दाखव. एका हाताने, न अडकता वर गेली तर पुढचं काम करू दे. आणि दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा परत नीट चिकटवून घ्या. तो फाडून टाकला तर पावसात पाणी पॅडमधून पायाशी येतं. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती मातीने बुजली असतील तर काडीने मोकळी करा. २०१९ च्या २५ सप्टेंबरला आंबिल ओढ्याच्या पुरात ज्यांच्या गाड्या सापडल्या, त्यांना दारात गाळ बसणं म्हणजे काय ते सांगायला नको.

आता हा मेसेज ग्रुपवर टाकणारे आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांनी महिन्यापूर्वी नवी मोटर बसवून घेतली होती आणि काच परवा पुन्हा उतरली. रविवारी पार्किंगमध्ये आम्ही दोघांनी दार उघडलं. काच सोडवून हाताने वर केली, तर पाऊण उंचीला मागून अडली. खाचेत पट्टी घालून ओढल्यावर एक काळी, कुरळी, चिकट पट्टी बाहेर आली. काकांची गाडी २०१० ची. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी आणली तेव्हा त्यांनी फिल्म खरवडून घेतली होती, पण खाचेच्या आत दडलेली कड कुणी काढलीच नव्हती. ती आता सुटून गोळा झाली होती. उरलेला गोंद पुसला, आणि काच एका बोटाने वर गेली.

"म्हणजे जुनी मोटर?" काकांनी विचारलं.

ती डिकीतच पडलेली होती. दोन वायरी बॅटरीला टेकवल्या, तर गरगर फिरली. काका थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग फडक्यात गुंडाळून परत डिकीत ठेवली.