गादी मधोमध बसली, या दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू आणि सोबतचे फोटो नीट पाहिले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मार्चमध्ये आमच्याकडून ७८ बाय ६० चे तीन थर नेले, ४ इंच रिबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला कडक थर), २ इंच एचआर फोम (हाय रेझिलिअन्स, म्हणजे दाबून सोडला की लगेच वर येणारा) आणि १ इंच लॅटेक्स (रबराचा फोम). गावात खोळ शिवून घेतली, घरीच गादी जमवली. पोळ्याच्या आत ती मधोमध बसली, अंगाखाली तापते, थर सरकतात, वरचा थर पिवळा पडून कडेला भुरभुरतो. "एचआर म्हणून हलका माल दिला, एवढ्यात तयार गादी आली असती," असं तुम्ही लिहिलंय. उत्तर लांब होणार आहे, कारण अशी गादी जमवणारे आणखी बरेच जण हे वाचतील.

आधी मालाचं बघू. फोम हलका दिला की बरोबर, हे हाताने दाबून कळत नाही. दाबून फक्त कडक-मऊ कळतं आणि कडकपणा वेगळा, डेन्सिटी वेगळी. कमी डेन्सिटीचा फोमही कडक बनवता येतो. नवा असताना तो छान वाटतो आणि वर्षाच्या आत बसतो. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं वजन किलोमध्ये, म्हणून ती काट्यावरच कळते. लांबी, रुंदी, जाडी इंचात घ्या, गुणाकार करा, ६१,००० ने भागा, की घनमीटर निघतात. तुमचा एचआरचा थर ७८ गुणिले ६० गुणिले २, म्हणजे ९,३६०. भागून आलं ०.१५३. बिलावर ४० डेन्सिटी आहे, तर वजन ६ किलोच्या वर थोडं भरलं पाहिजे. ३२ चा माल असता तर ५ किलोच्या आत आलं असतं. रिबॉन्डेड १०० डेन्सिटीचा आहे, तो ३० किलोच्या आसपास भरतो. गावातल्या कुठल्याही धान्याच्या काट्यावर गुंडाळी करून ठेवा. थर कोरडा असू द्या, कूलरच्या खोलीतला ओलसर फोम वजन जास्त दाखवतो. आणि एक पळवाट सगळ्यांनी लक्षात ठेवावी: स्वस्त फोममध्ये खडूची भुकटी मिसळून वजन वाढवतात. असा फोम काळ्या कपड्यावर जोरात घासला की पांढरी पूड सोडतो. नागपूरचा भाव आणि आमचा भाव लावून पाहायचा असेल तर इंचावर पाहू नका, किलोवर पाहा.

आता बसकं कशामुळे आलं ते. तुमच्या दुसऱ्या फोटोत गादी बाजूने दिसते. सगळ्यात खाली पांढरा एचआर आहे, त्याच्यावर रंगीबेरंगी तुकड्यांचा रिबॉन्डेड. कंबरेला कडक पाहिजे म्हणून कडक थर अंगाजवळ घेतला असणार. असं करणारे पुष्कळ आहेत. पण रिबॉन्डेडचं काम पायाचं. तो वर गेला की सगळा भार खालच्या मऊ थरावर जातो आणि तो थर जागा मिळेल तिकडे पळतो. जागा तुमच्या पलंगातच आहे. त्याच फोटोत पांढऱ्या थराच्या पोटाला लोखंडी पट्ट्यांचे वळ स्पष्ट दिसतात, एक वळ, मग हातभर नाही पण वीतभर फुगलेला फोम, मग दुसरा वळ. दोन पट्ट्यांमध्ये वीतभर फट असेल तर फोम त्या फटीतून खाली लोंबणारच. फट तीन इंचांच्या वर नको. नवारीच्या बाजेवर तर फोमच्या गादीचा नादच करू नये, बाज जशी झुकते तशीच गादी झुकते.

खात्री अशी करा. सगळे थर वेगळे काढा आणि एकेक करून सपाट फरशीवर पसरा. थरावर आडवी सरळ पट्टी ठेवा, गवंड्याची ॲल्युमिनियमची असेल तर उत्तम, आणि मधोमध पट्टीखाली किती फट राहते ते मोजा. फरशीवर थर सपाट दिसला तर दोष पलंगाचा. अर्ध्या इंचापर्यंतचा खळगा वापरानं बसणारा असतो, तो सगळ्याच फोममध्ये येतो. त्याहून जास्त असेल तर तो थर गेला, आणि फक्त तोच बदलायचा. थर सुटे ठेवायचा सगळा फायदा इथे आहे. म्हणूनच सोल्युशन लावून चिकटवू नका असं आम्ही सांगतो. अख्ख्या पृष्ठभागावर सोल्युशन फिरवलं की मध्ये एक कडक पापुद्रा तयार होतो, हवा अडते आणि पुढे एक थर बदलायचा तर तिन्ही फाटतात.

पलंगाला १२ मिलीमीटरचा प्लाय टाका. ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये ७८ बाय ६० बसत नाही, थोडक्यासाठी कमी पडतं. ७८ बाय ४८ चा एक तुकडा घ्या आणि १२ इंचांची पट्टी वेगळी घेऊन भिंतीकडच्या बाजूला टाका, म्हणजे जोडावर कोणी बसणार नाही. प्लायला इंचभराची भोकं पाडून घ्या, साधारण वीत-वीत अंतरावर. ती विसरलात तर पावसाळ्यात गादीच्या पोटाला बुरशी धरते. आपल्याकडे जूनपर्यंत कूलर आणि मग लगेच पावसाळी दमटपणा, त्यामुळे महिन्यातून एकदा गादी भिंतीला उभी करून पंख्याचा वारा द्यावाच लागतो. दिवाण बंद पेटीचा असेल तर वरच्या फळीलाही भोकं हवीत.

मग क्रम असा: खाली रिबॉन्डेड, मध्ये एचआर, वर लॅटेक्स. एचआरची वळ उमटलेली बाजू खाली करा. त्याआधी दोन दिवस फरशीवर मोकळा ठेवला तर बराचसा सावरतो. पूर्ण सावरेल असं मात्र नाही. सुरुवातीला दर महिन्याला उशाचं पायथ्याकडे फिरवत जा. नवराबायकोच्या वजनात बराच फरक असेल तर फक्त मधला थर ३०-३० इंचांचे दोन तुकडे करून वेगवेगळ्या कडकपणाचा घेता येतो. वर लॅटेक्स असल्यानं सांधा पाठीला लागत नाही.

थर सरकतात याचं कारण खोळ. तुम्ही लिहिलंत की फोम अर्धा-अर्धा इंच मोठा कापून दिला, माप चुकलं. माप चुकलेलं नाही. खोळ बरोबर ७८ बाय ६० ची आणि फोम त्याहून अर्धा इंच मोठा, तेव्हाच खोळ ढोलासारखी ताणून बसते आणि आतले थर आपोआप धरले जातात. तुमच्या शिंप्यानं फोम मोजून त्यावर वाढवून खोळ शिवली, फोटोत कोपऱ्यांना चुण्या दिसतात. उंची ७ इंचच ठेवायची. चेन तीन बाजूंनी फिरवून घ्या. एकाच बाजूला असेल तर ३० किलोचा रिबॉन्डेड आत सरकवताना खोळ उसवते. जुनी खोळ आत घेऊन टिपा मारल्या तरी काम होईल, नवी शिवायची गरज नाही.

गरम होण्याचा दोष मात्र फोमवर टाकू नका. लेकरू गादी ओली करतं म्हणून तुम्ही वर अख्खं रेक्झिन घातलंय. रेक्झिनमधून घाम आत जात नाही तशी हवाही येत नाही, मग खाली काहीही असो, मे महिन्यात पाठ भाजणार. लेकरू झोपतं तेवढ्याच जागेवर, सुती टॉवेलच्या कापडाची आणि खालून पातळ जलरोधक अस्तर असलेली शीट टाका. (मेमरी फोम घ्या असं आम्ही या भागात कोणाला सांगत नाही. तो उष्णतेनं मऊ आणि थंडीनं कडक होणारा फोम आहे. चंद्रपूर-यवतमाळकडच्या उन्हाळ्यात माणूस त्यात रुततो आणि डिसेंबरमध्ये फळीवर झोपल्यासारखं होतं.)

वरचा थर भुरभुरतो, त्यावर काही उपाय नाही. गादी गच्चीवर उन्हात टाकत होतो असं तुम्हीच लिहिलंय. कापसाच्या गादीला ऊन मानवतं, ती उन्हात फुगते. लॅटेक्सला ऊन म्हणजे विष. आधी पिवळा पडतो, मग वरची साय कडक होते, मग दुमडल्यावर तुटते. नव्या फोमचा वास घालवायचा तरी सावलीत, पंख्याखाली चार-पाच दिवस. नुसता पिवळेपणा आला तर घाबरायचं कारण नाही, पांढरा फोम हवा-उजेडानं पिवळा होतोच. कडेची भुरभुर म्हणजे तो थर कामातून गेला.

नवा लॅटेक्स घ्यायचा आग्रह आम्ही करणार नाही. घरी कापूस आहे तर त्या जागी दीड इंचाची पातळ कापसाची गादी भरून घ्या. ७८ बाय ६० ला सहा-सात किलो रुई पुरते. कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, म्हणजे २० किलोच्या आसपास कापूस धरा. पिंजाऱ्याला टाके जवळजवळ घालायला सांगा, नाहीतर कापूस एका बाजूला गोळा होतो. ही गादी खोळीच्या वर वेगळी टाका, आत कोंबू नका. ती खुशाल उन्हात टाका, झोडपा, दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्या. खालच्या फोमला ऊन दाखवायची गरजच उरणार नाही, आणि उन्हाळ्यात ही जोडी लॅटेक्सपेक्षा थंड लागते असं आमचं मत आहे. मात्र एचआर आणि रिबॉन्डेडची मिळून उंची ६ इंच होईल, त्या मापानं खोळ आत घ्या. घरात गुडघे दुखणारं माणूस असेल तर पलंगासह एकूण उंची त्याच्या गुडघ्याएवढी येते का तेही बघा.

तयार गादीचं म्हणाल तर ज्याला प्लाय, खोळ, क्रम हे काहीच बघायचं नाही, त्यानं तयारच घ्यावी. फक्त घेताना आत कोणते थर किती इंचांचे आहेत ते लिहून मागा. स्वस्त गादीत बरेचदा मध्ये ईपीईची, म्हणजे पॅकिंगला वापरतात तशा फुगवलेल्या प्लास्टिकची, पांढरी शीट असते. ती हलकी असते, आधी कडक लागते आणि एकदा दबली की वर येत नाही. चारी बाजूंनी शिवलेली असल्यानं ते तुम्हाला दिसतही नाही.

एचआरचा थर घेऊन दुकानात या, काटा इथेच आहे, तुमच्यासमोर तोलू. कोरडा थर पावणेसहा किलोच्या खाली भरला तर त्याच मापाचा नवा थर कापून देऊ, पैसे लागणार नाहीत. बरोबर भरला तर खोळीला टिपा मारून देण्याचं काम आमच्याकडून. थर आणताना घडी घालू नका, गुंडाळी करा आणि दोरी सैल बांधा. मंगळवारी बाजारामुळे गर्दी असते, तो दिवस सोडून या.

दुकानमालक