खुलासा : बोर्ड गेम अरेनावर परवान्याशिवाय खेळ येत नाही

‘नियमांवर कॉपीराइट नसतो, म्हणून बोर्ड गेम अरेनावर कोणीही कुठलाही खेळ बनवून टाकू शकतो,’ असा मेसेज ग्रुपांवर फिरतोय. बोर्ड गेम अरेना म्हणजे बोर्ड गेम ऑनलाइन खेळायची साइट. मेसेजचं पहिलं अर्धं बरोबर, पुढचं चूक.

खेळ कसा चालतो यावर कॉपीराइट नसतो, हे खरं. पण पत्त्यांवरची चित्रं, बोर्डाची सजावट आणि नियमपुस्तिकेचा मजकूर यांवर असतो. नाव ट्रेडमार्क असू शकतं. शिवाय साइटची स्वतःची अट आहे, आणि ती तिच्या ‘स्टुडिओ’ विभागात (जिथे खेळ बनवले जातात) डेव्हलपरांसाठी लिहिलेलीच आहे: आधी प्रकाशकाचा परवाना, मग खेळ सर्वांसाठी खुला. बऱ्याचशा खेळांचा कोड हौशी मंडळीच लिहितात, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे. बुद्धिबळ, गो, हार्ट्स अशा जुन्या पारंपरिक खेळांना मालक नाही, म्हणून परवानाही लागत नाही.

फटका बसतो तो घरच्या डब्यातले पत्ते स्कॅन करून थेट कोडला बसणाऱ्याला: खेळ स्टुडिओतच अडकतो. आधी परवाना मिळालेल्या खेळांची यादी बघा, त्यातून निवडा.

2021 मध्ये आस्मोदे या बोर्ड गेम प्रकाशक कंपनीने साइट विकत घेतली, तरी इतर प्रकाशकांचे खेळही तिथे आहेत. प्रत्येक खेळाच्या पानावर प्रकाशकाचं नाव दिसतं.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.