टेबलावरचा डोंगर बनावट कसा? केकी मूस यांच्याबद्दलच्या कमेंटला उत्तर

भाऊ, चाळीसगावचे फोटोग्राफर नि चित्रकार केकी मूस यांच्या कलादालनावर मी लिहिलं त्यावरची तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की टेबलावर मीठ-वाळू मांडून बर्फाचे डोंगर करायचे आणि फोटो काढायचा ही बनवाबनवी झाली, आणि ती पंजाब मेलवाली प्रेमकथा काढून टाकली तर तिथं बघण्यासारखं काही उरत नाही, शिवाय माणूस मुंबईचा पारशी, त्याचं खान्देशाशी काय. मला यातलं काहीच पटलं नाही.

बनवाबनवी म्हणायला आधी काहीतरी लपवलेलं पाहिजे ना. या प्रकाराला नावच टेबलटॉप फोटोग्राफी आहे. आणि तो सोपा वाटत असेल तर घरी मिठाचा ढीग करून मोबाइलवर एक फोटो काढून बघा भो. सूर्य एकच असतो म्हणून सगळ्या सावल्या एकाच बाजूला पडायला पाहिजे, दुसरा दिवा जरा जास्त झाला की दुसरी सावली येते आणि डोंगराचा परत मिठाचा ढीग होतो. कॅमेरा जवळ नेला की पुढचं स्पष्ट दिसतं नि मागचं धूसर, आणि आपल्या डोळ्याला लगेच कळतं की वस्तू छोटी आहे, मग ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, अगदी बारीक करावं लागतं, त्यानं उजेड कमी येतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर उजेड पडू द्यायचा वेळ, लांबवायचा. हे सगळं फिल्मवर, म्हणजे जमलं की फसलं ते डेव्हलप केल्यावरच कळणार! मूससाहेब 1930 च्या दशकात इंग्लंडला जाऊन कमर्शियल आर्ट शिकून आलेले, डच चित्रकार रेम्ब्रांटचे इतके भक्त की बंगल्याला त्याचंच नाव दिलं. अंधारात एका बाजूनं उजेड आणायची ती चित्रकाराची नजर या फोटोंमध्ये मला सरळ दिसते.

प्रेमकथेचं म्हणाल तर, त्यांची प्रेयसी त्या गाडीनं येईल म्हणून पंजाब मेलच्या वेळेला ते दार उघडं ठेवायचे असं सांगतात, आणि ऐकून कोणाचाही जीव हलतो. पण पेपरवाले तिथंच सुरू करतात नि तिथंच संपवतात, याचा मलाही राग येतो. जवळपास 50 वर्षं हा माणूस घराबाहेर पडला नाही म्हणतात, मग डोंगर नि बर्फ त्यानं टेबलावर उभे केले, यात फसवणूक कुठून आली? मला तर उलट वाटतं की कथेपेक्षा हे फोटोच त्यांच्याबद्दल जास्त सांगतात. आणि तिथं नुसते फोटो नाहीत, पेंटिंग आहेत, शिल्पं आहेत, लाकडातलं काम आहे, कागदाच्या घड्यांचं ओरिगामी आहे.

राहिलं खान्देशाचं. जन्म 1912 चा मुंबईचा, खरंय. पण घरच्यांचा धंदा चाळीसगावात, आणि 31 डिसेंबर 1989 ला ते गेले तेही इथंच. चाळीसगाव रेल्वेचं गाव आहे, 1900 साली धुळ्याचा फाटा निघाला, कुठकुठली माणसं इथं येऊन राहिली, त्यांना आता बाहेरचं म्हणायचं का? तुम्ही लिहिलंय की बघायचं तर पाटणादेवीचं देऊळ बघा. जरूर बघा, तिथल्या पाटण गावचा 1207 चा शिलालेख तर मला जीव की प्राण आहे, गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा तो लेख. पण एक बघायचं म्हणून दुसरं टाकायचं हे कोणी सांगितलं, दोन्ही एकाच तालुक्यात आहेत, एका दिवसात होतात.

पुढच्या वेळी गेलात तर गोष्ट नंतर ऐका. आधी एका टेबलटॉपसमोर उभं राहून दिवा कुठं ठेवला होता ते शोधा, आणि सापडला तर इथं लिहा.