कुलगुरूंना वर्गात आणि प्रयोगशाळेत राहू द्या

सुब्रा सुरेश हे नाव आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये फारसं ऐकू येत नाही, याचं मला वाईट वाटतं. १९७७ मध्ये आयआयटी मद्रासमधून मेकॅनिकलची पदवी, १९८१ मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट. पुढे एमआयटीत इंजिनिअरिंगचे डीन, अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे संचालक, कार्नेगी मेलन विद्यापीठाचे अध्यक्ष (म्हणजे आपल्याकडचे कुलगुरूच) आणि २०१८ ते २०२२ सिंगापूरच्या नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष.

पण पदांपेक्षा मला त्यांचं काम मोठं वाटतं. त्यांचा मूळ विषय फटीग, म्हणजे धातूचं थकणं. भार मोठा नसतो, पण तो लाखो वेळा येतो. दर फेरीला बारीकशी चीर किंचित पुढे सरकते आणि एक दिवस धडधाकट दिसणारा शाफ्ट तुटतो. धातूंचा असा अभ्यास केलेला हा माणूस पुढे त्याच नजरेने रक्ताच्या तांबड्या पेशीकडे वळला. निरोगी पेशी जेमतेम ८ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तरी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून दुमडून पार होते. फाल्सिपेरम मलेरियाचा परजीवी आत वाढला की तीच पेशी ताठर होते आणि अडकते. सुरेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेझर किरणांच्या पकडीत पेशी ताणून हा ताठरपणा मोजला. आपण लॅबमध्ये युटीएमवर, म्हणजे ताकद तपासायच्या यंत्रावर, सळई ओढतो, तोच प्रश्न, फक्त नमुना जिवंत!

आणि २०१८ मध्ये, म्हणजे नानयांगचे अध्यक्ष झाले त्याच वर्षी, त्यांचा सहकाऱ्यांसोबतचा शोधनिबंध आला: हिऱ्याच्या अतिसूक्ष्म सुया ९ टक्क्यांपर्यंत ताण सोसून पुन्हा सरळ होतात. ठिसूळपणासाठी प्रसिद्ध असलेला हिरा!

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. सायन्स फाउंडेशनची मुदत सहा वर्षांची असते. ते २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आले आणि २०१३ च्या मार्चमध्ये गेले. कार्नेगी मेलनही चार वर्षांत सोडलं. एवढ्या मोठ्या संस्थेला वळण लागायला याहून जास्त काळ लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही आपल्याकडे पाहिलं की जीव तुटतो. आपला चांगला प्राध्यापक कुलगुरू झाला की त्याचं संशोधन बहुधा तिथेच थांबतं. दोष त्याचा नाही. शेकडो संलग्न महाविद्यालयं, रखडलेले निकाल, कोर्टातल्या केसेस, आंदोलनं, निवेदनं, उद्घाटनं. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने पाच वर्षांची मुदत दिली, पण त्यात स्वतःच्या विषयासाठी वेळ कुठे उरतो? कुलगुरूपदासाठी नावं सुचवणाऱ्या शोध समितीने पाच नावं राज्यपालांकडे पाठवताना उमेदवाराला एवढंच विचारावं: कुलगुरू झाल्यावर तुम्ही कोणता विषय शिकवणार आणि कोणत्या प्रश्नावर काम करणार? परीक्षा, संलग्नता ही कामं प्र-कुलगुरूंवर आणि अधिष्ठात्यांवर खरोखर सोपवा, नुसती कागदावर नकोत. आणि आठवड्यातला एक दिवस कुलगुरूंच्या दारावर कुणी निवेदन घेऊन जायचं नाही. संघटनांनीही नाही आणि आम्ही प्राध्यापकांनीही नाही.